मांडीवरच्या रेघा

आमच्या सोसायटीमागच्या मैदानात काल संध्याकाळी गरब्याच्या लाउडस्पीकरची चाचणी झाली. "हेलो, चेक, हेलो," असं कुणीतरी बराच वेळ म्हणत राहिलं आणि मग एकदम ढोल असा घुमला की स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरली. मी भाजी परतत होते. बाहेरच्या खोलीत श्रीकांत पेपर वाचत बसले होते आणि पेपरातून डोकं वर न काढता पायाने ठेका धरत होते. उजव्या पायाने. मी दारात उभी राहून ते पाहत राहिले. भाजी खाली लागली. लागू दे म्हटलं.

श्रीकांत म्हणजे माझा नवरा. लिहिताना नाव घेते आहे. समोर अजून 'अहो'च चालतं. त्यांच्या उजव्या मांडीत आतल्या बाजूला आता मूठ बसेल एवढा खळगा आहे आणि त्यावरून गेलेला एक लांब व्रण. जिना चढताना हात आपोआप कठड्याकडे जातो. बाकी सुभानपुऱ्याच्या बाजारातून भाजी आणणं, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन भांडणं, शेजारच्या पटेलकाकांशी क्रिकेटवरून वाद घालणं, सगळं त्याच पायावर चालू आहे. मधूनमधून तपासणीला जायचं असतं. त्याच्या आदल्या दिवशी घरात कुणी फारसं जेवत नाही आणि नंतरच्या दिवशी सगळे जास्त जेवतात. एवढंच.

तेव्हा हे दुःखाचं लिखाण नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही हे लिहायला दोन वर्षं गेली. आमच्या घरात बोलायची फारशी पद्धत नाही. मी तर माहेरीही कमी बोलणारी होते. आई म्हणायची, हिच्या पोटात गेलेलं बाहेर काढायला सोनाराचा चिमटा लागेल.

नवरात्र ते उत्तरायण, म्हणजे संक्रांत, हा बडोद्याचा देखणा काळ. आधी धुळीला चढलेला तो कोरडा, उबदार वास, रात्री मैदानांवरून उठणारे गोल गोल सूर, दसऱ्याच्या सकाळी फाफडा-जिलेबीसाठी लागलेल्या रांगा. मग दिवाळी. मग सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते तोवर बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगा आणि ओल्या लसणाच्या जुड्या येतात, कुणाच्या तरी घरी उंधियूचा बेत ठरतो, आणि बघता बघता आकाश पतंगांनी भरतं. इतकी वर्षं हा काळ मी असा नाकाने आणि जिभेने ओळखत आले. त्या वर्षी मात्र त्यातला बराचसा एका हॉस्पिटलच्या तळघरातल्या बाकावर बसून काढला. समोर जाड दार, दारावर लाल दिवा. दिवा लागला की आत श्रीकांत एकटे, आणि दिवा विझला की टेक्निशियन हिरेनभाईंचा आवाज, "चालो काका, पती गयुं." झालं म्हणे. मशीन चालायचं ते अगदी थोडा वेळ. माझं मात्र त्या दाराकडे बघणं दिवसभर चालायचं.

गाठ पावसाळ्यात उघडकीला आली. मोसंबीएवढी, मांडीच्या आतल्या अंगाला, खोल. दुखत नव्हती. दुखली असती तर आधी धावलो असतो. ओळखीच्या एका डॉक्टरांनी हात लावून "चरबीची असेल, काढून टाकू" म्हटलं, पण सुदैवाने तेच पुढे म्हणाले की आधी एमआरआय करून घ्या. मग सुईने तुकडा घेतला. मग एक शब्द आला, सार्कोमा. स्नायू, चरबी, असल्या मऊ भागांतून उठणारा कर्करोग. गाठ पायाच्या मोठ्या नसेला आणि रक्तवाहिनीला अगदी खेटून बसली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला, पाय राहतो की जातो. त्याच्या मागे आणखी एक प्रश्न उभा होता. त्याच्याकडे आम्ही दोघेही पाहत नव्हतो.

हॉस्पिटलमधल्या किरणोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी पाच आठवडे किरण द्यायचे, मग थोडं थांबायचं, मग ऑपरेशन.

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या नणंदेला, ताईंना, हे अजिबात पटलं नाही. त्या श्रीकांतांपेक्षा बऱ्याच मोठ्या, आणि बडोद्याबाहेर कधी न राहिल्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी गुजराती कालवलेली. "घरात साप शिरलाय आणि तुम्ही त्याला ऊन देत बसणार?" त्या म्हणाल्या. "आधी बाहेर काढा ना! हे कुठलं उलटं शास्त्र?"

"ताई, शांती राख," श्रीकांत म्हणाले.

"तू राख शांती. मला नाही फावत."

खरं सांगायचं तर मनातून मी ताईंच्या बाजूची होते. ती वस्तू एक दिवसही त्यांच्या अंगात राहू नये असं मला वाटत होतं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंसमोर मान डोलावत राहिले.

त्यांनी आम्हाला कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. वर्तुळ चांगलंच वाकडं होतं. "बघा मेधाबेन, ही गाठ. हिच्याभोवती ही साल. सालीत तिचे बारीक धागे पसरलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. किरणांनी ही साल मारून घेतली की सर्जनला नस वाचवून गाठ काढता येते. आधी कापलं, तर मग किरण कुठे द्यायचे? जिथे जिथे चाकू फिरला ती सगळी जागा शेकावी लागणार. आज गाठ समोर आहे, तेवढ्यालाच नेम धरता येतो. मात्रा कमी लागते, पाय पुढे कडक होत नाही."

"आणि तोटा काय?" श्रीकांतांनी विचारलं.

"नंतरची जखम भरायला वेळ घेते. कधी कधी उघडतेसुद्धा. ते आजच सांगून ठेवते. आणि किरणांनी गाठ लहान होईलच असं नाही, तेव्हा रोज हात लावून बघत बसायचं नाही."

यातलं मला ऐकू आलं ते एवढंच, नेम धरता येतो.

नेम हा माझ्या ओळखीचा शब्द होता. सयाजीगंजातल्या एका इंजिनीअरिंग कन्सल्टन्सीत मी ट्रेसर म्हणून लागले तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. मोठ्या टेबलावर मूळ ड्रॉइंग पसरायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा आणि शाईच्या पेनने रेघ अन् रेघ उतरवायची. श्वास रोखून. पुढे सगळं पडद्यावर गेलं, मीही गेले. पण हाताला आलेलं वळण जात नाही. ऑफिसात अजून जुने लोक म्हणतात, मेधाबेनची रेघ म्हणजे मेधाबेनची रेघ.

नवरात्रात श्रीकांतांचा साचा झाला. मण्यांनी भरलेल्या एका मऊ गादीवर त्यांना निजवलं, त्यातली हवा ओढून घेतली आणि ती गादी त्यांच्या पायाच्या आकारात दगडासारखी घट्ट झाली. रोज त्याच खाचेत तोच पाय. "काका, हलता नहीं हं," असं म्हणत हिरेनभाईंनी भिंतीतून येणाऱ्या लाल किरणांच्या बरहुकूम मांडीवर जांभळ्या शाईने रेघा काढल्या. पुढून एक फुली, दोन्ही बाजूंना एकेक, आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा. मला दार उघडल्यावर बोलावून सूचना दिल्या. पाणी उडालं तर चालेल. चोळायचं नाही. साबण नाही, पावडर नाही, तेल तर नाहीच नाही.

मी म्हटलं, समजलं.

समजलं होतंच. सूचना समजून घेण्यातच माझी इतक्या वर्षांची नोकरी झाली आहे.

त्या रेघा घरी आल्या आणि आमच्यात काहीतरी बदललं. आज हे लिहिताना हात जड होतो आहे, पण लिहिते. त्या रेघा आल्यापासून मी त्यांना हात लावला नाही. म्हणजे औषध देत होते, चहाचा कप हातात देत होते, मोजा चढवत होते. पण हात लावणं ते वेगळं असतं. ते पायजमा बदलायचे तेव्हा मी कपाट आवरायला घ्यायचे. तो पाय आता आमच्या घरचा वाटायचा नाही. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी ड्रॉइंग मांडलेलं होतं, आणि त्या ड्रॉइंगवर चुकून बोट लागू नये एवढीच माझी नोकरी उरली होती. रोज सकाळी परके लोक त्यांचा पाय उचलून त्या खाचेत ठेवायचे, दोन बोटं इकडे, जरा तिकडे. मी दाराबाहेर.

मांडीवरची कातडी हळूहळू तांबूस व्हायला लागली, उन्हात भाजल्यासारखी. गाठ मात्र तेवढीच. बघत बसायचं नाही असं सांगितलेलं, पण चादरीखालूनही मला ती दिसायची. ताई फोनवर विचारायच्या, "कमी झाली का गं?" मी म्हणायचे, "वाटतेय जरा." वाटत काही नव्हतं.

अशात दिवाळी आली.

दिवाळीत आमच्याकडे पाडवा आणि गुजरात्यांचं नववर्ष, बेसतुं वरस, एकाच दिवशी येतं. उजाडायच्या आधीच गल्लीतून मीठ विकणाऱ्यांची हाक येते, "सबरस, सबरस!" वर्षाचा पहिला सौदा मिठाचा. मग सगळ्यांची दारं उघडतात आणि साल मुबारकचा धडाका सुरू होतो. त्याच्या आत मराठी घरांतून बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, मग ओवाळायचं, हे उरकावं लागतं. लग्न झाल्यापासून एकही पाडवा चुकला नव्हता. दिवाळीसाठी किरणांनाही सुट्टी होती. आदल्या दिवशी श्रीकांत म्हणाले, "या वर्षी राहू दे ना. नुसतं ओवाळ."

"डोक्याला आणि हातांना लावते," मी म्हटलं. "पायाला नाही लावत."

तिळाचं तेल कोमट केलं. बाथरूममध्ये पाट मांडला. बाहेर सबरसची हाक लांब लांब जात होती. डोक्याला तेल लावलं तसे त्यांनी डोळे मिटले. मग मान, पाठ, दंड. पाठीवर हाडं लागली हाताला. त्या हाताला कित्येक आठवड्यांनी माणूस लागला होता. मी थांबायला हवं होतं. डाव्या पायाला लावलं. मग उजव्या पावलाला, पोटरीला, गुडघ्याला.

विसरले असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं. विसरले नव्हते. तळहातात तेल घेऊन मी त्या जांभळ्या रेघेकडे पाहत होते आणि माझा हात तिच्यावरून गेला. एकदा, मग पुन्हा. शाई पसरली, तेलात विरघळली, माझ्या बोटांना लागली. खालची कातडी गरम होती, आणि त्यांची होती. मला इतकं बरं वाटलं! हेच मी कुणाला सांगू शकत नव्हते. चूक झाली हे एक वेळ सांगता येतं. चूक करताना बरं वाटलं, ते कसं सांगायचं?

मग पाणी घातलं, उटणं धुतलं गेलं, आणि पाय स्वच्छ झाला. एकही फुली नाही.

दारावर बेल वाजत होती. पटेलकाका सगळ्यांना घेऊन आले होते. मी त्यांना दोन मिनिटं बसवून आत आले. फ्रीजमधल्या डब्यांवर नावं घालायचा जांभळा मार्कर होता, तो घेतला आणि श्रीकांतांना म्हटलं, "रेघ जरा फिकट झालीय. थांबा, गडद करते."

"कर," ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघत बसले.

गुडघ्याच्या वाटीपासून किती वर, आतल्या शिरेपासून किती लांब, सगळं माझ्या डोळ्यांत बसलेलं होतं. निदान मला तसं वाटलं. मी श्वास रोखला. हात जरासुद्धा कापला नाही. फुल्या काढल्या, जोडल्या. इतकी सुबक रेघ मी कागदावरही क्वचितच काढली असेल. मग बाहेर जाऊन सगळ्यांना साल मुबारक केलं आणि चकल्या वाढल्या.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी हॉस्पिटलला गेले नाही. ऑफिसात तातडीचं काम आहे म्हणाले. ताईंचा मुलगा गाडी घेऊन आला होता. ऑफिसात दिवसभर मी पडद्यावर एकाच ड्रॉइंगकडे बघत होते. संध्याकाळी घरी आले तर मांडीवर रेघा ताज्या, ठळक. कुणीतरी पुन्हा काढलेल्या. मला एका क्षणात कळून चुकलं, निदान त्या वेळी तसं वाटलं, की हिरेनभाईंनी माझ्याच रेघा गिरवल्या. ट्रेसरला काय सांगितलेलं असतं? समोर आहे ते उतरव. मूळ ड्रॉइंगमध्ये चूक असली तर ट्रेसर ती चूकही तितक्याच निगुतीने उतरवतो. मी स्वतः कितीदा तसं केलं आहे. म्हणजे आता राहिलेले सगळे दिवस ते किरण माझ्या अंदाजावर पडणार होते. गाठीला चुकवून. किंवा नसेवर.

हे तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी हिरेनभाईंनी हसून "केम छो" विचारलं आणि माझ्या तोंडातून "मजामां" निघून गेलं. एकदा मजामां म्हटल्यावर पुढे काय सांगणार? मग रोज एक दिवस जास्त होत गेला, आणि वाक्य तेवढ्याने जड.

किरण संपले. मग थांबण्याचे आठवडे आले. कातडी निवली, रेघा हळूहळू पुसट होऊन गेल्या, गाठ होती तेवढीच राहिली. बाजारात ओला लसूण आला. ताईंनी तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या करून पाठवल्या आणि श्रीकांत चवीने खात होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हा माणूस माझ्या हाताने गेला तर?

ऑपरेशन उत्तरायणाच्या जरा आधी झालं. खूप वेळ चाललं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, नस वाचली, पाय आहे. ताई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी रडले नाही. मला वाटलं, अजून रिपोर्ट यायचाय. उत्तरायणाच्या दिवशी वॉर्डच्या खिडकीतून गच्च्यांवरची गर्दी दिसत होती, "काप्यो छे!"च्या आरोळ्या येत होत्या, आणि श्रीकांत उशीला टेकून पतंग कुणाचा कुणी कापला ते मला समजावून सांगत होते. रिपोर्टही चांगला आला. कडा स्वच्छ. गाठीचा बराचसा भाग आतून मेलेला. वरून तेवढीच दिसणारी ती गाठ आतून केव्हाच संपली होती.

कुणाही शहाण्या बाईला यावर झोप लागली असती. पण पुढच्या आठवड्यांत जखम एका टोकाशी उघडली. पाणी यायला लागलं. रोज ड्रेसिंग. मग मला खात्री पटली की हे माझंच. चुकीच्या जागी पडलेले किरण आता बाहेर येताहेत. आजाराला कारण नसतं तेव्हा धरायला काहीच नसतं, माणूस नुसता भोवंडत राहतो. माझ्याकडे निदान एक कारण होतं, माझ्या स्वतःच्या हाताचं, आणि मी त्याला घट्ट धरून होते. आता वाटतं, त्यात थोडा गर्वही असावा. इतक्या मोठ्या आजाराच्या मध्यभागी मी!

फेब्रुवारीच्या एका सकाळी ड्रेसिंग चालू असताना डॉक्टरीणबाई सहज जखम बघायला आल्या. "हळू भरतेय, पण भरतेय," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना पहिल्याच दिवशी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यामुळे झालंय हे."

एकदा सुरू झालं ते थांबेना. मराठीत सुरू केलं, मध्येच गुजरातीत गेले, पुन्हा मराठीत आले. पाडवा, तेल, मार्कर, सगळं. मला बरं वाटलं होतं, तेसुद्धा. नर्स हातात पट्टी घेऊन उभी. श्रीकांत छताकडे बघत पडलेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "मेधाबेन, किरण सोडायच्या आधी मशीनवरच पायाचा फोटो घेतो आम्ही. पहिल्या दिवसाच्या चित्राशी हाड जुळवतो. जुळलं नाही तर बटण दाबतच नाही. रेघ म्हणजे आमच्यासाठी घराचा पत्ता फक्त. दार उघडून आत कोण आहे ते बघतोच की! त्या दिवशीही जुळलं नाही. हिरेनने तुमच्या रेघा स्पिरिटने पुसल्या आणि फोटोवरून नव्या काढल्या. एकही दिवस चुकीचा गेलेला नाही. आणि ही जखम अशीच वागते, किरण आधी दिले की. त्यात तुमचं काही नाही."

मी म्हटलं, "मग मला कुणी काही बोललं कसं नाही?"

"तुम्हाला कशाला बोलणार?" त्या म्हणाल्या. "काकांनी कबूल केलं होतं ना, मीच साबण लावला आणि मीच रेघा काढल्या म्हणून. मी स्वतः रागावले होते त्यांना. चांगली रागावले होते!"

आम्ही सगळ्या जणी श्रीकांतांकडे बघायला लागलो. ते अजून छताकडेच बघत होते. कान मात्र लाल झाले होते.

परत येताना त्यांनी रिक्षा सयाजीगंजात थांबवायला लावली. म्हणाले, भूक लागलीय. एका सेव-उसळवाल्याच्या बाकावर काठी टेकवून बसले आणि तरी जास्त घालायला सांगितली. मी समोर.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"फिकट झालेली गडद करते म्हणालीस. मी खाली बघितलं होतं. पायावर ठिपकासुद्धा नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी मन लावून काढत होतीस."

"आणि साबणाचं का सांगितलंत?"

"मग काय सांगू त्या हिरेनला? आमच्या मंडळींचा सगळा जन्म रेघा मारण्यात गेला आणि एक रेघ दोन बोटं खाली आली?"

"दोन बोटं?"

"दीड असेल." त्यांनी पाव मोडला. "म्हटलं, सांगेल ती आपण होऊन. मी वाट बघत होतो."

"इतके महिने?"

"तुझ्या बाबतीत काय, थांबावंच लागतं."

मग मी बोलत सुटले. त्या बाकावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, होस्टेलच्या पोरींच्या घोळक्यात. म्हटलं, मी मनातून ताईंच्या बाजूची होते. म्हटलं, गाठ कमी झाली असं मी त्यांना खोटंच सांगायचे. म्हटलं, मी तुम्हाला हात लावत नव्हते, आणि तुम्ही ते ओळखलं असणार. त्यांनी मान हलवली. ओळखलं होतं. उसळ निवली. ते शांतपणे खात होते आणि मला अंगातून काहीतरी उतरत गेल्यासारखं वाटत होतं, ताप उतरतो तसं, आधी कपाळ, मग मान, मग हातपाय.

माझं बोलून झालं. त्यांनी हातातला पाव ताटलीत ठेवला. मग वाटीतल्या तरीकडे बघत म्हणाले, "माझंही एक आहे."

"काय?"

"गाठ मला होळीपासून माहीत होती. रंग धुताना हाताला लागली होती. बोराएवढी होती तेव्हा. म्हटलं, जाईल आपली आपण."

होळीपासून. म्हणजे अख्खा उन्हाळा. म्हणजे आम्ही महाबळेश्वरला गेलो तेव्हाही ती त्यांच्या मांडीत होती आणि हे घोड्यावर बसून फोटो काढून घेत होते.

आमच्या लग्नात मी यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी भर सयाजीगंजात चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बोराएवढी काय, जाईल काय, माणसाला बायको कशाला असते, असं बरंच होतं, निम्मं मराठी, निम्मं गुजराती. हे ऐकत होते आणि खाली मान घालून पाव बुडवत होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की यांना हसू येतंय. उसळवाला पळी हातात धरून थांबला.

"बेन, बहु तीखुं लाग्युं?" त्याने काळजीने विचारलं.

मी त्याला नाही म्हटलं, आणि पुन्हा यांच्याकडे वळले. माझं अजून संपलं नव्हतं.